वाळण्याची शिस्त : विद्रावकाच्या बाष्पाने घडणारी सूक्ष्म रचना

रंग, व्हार्निश किंवा लाखेचा थर पृष्ठभागावर पसरून वाळतो, तेव्हा त्यातील विद्रावक, म्हणजे घन पदार्थाला विरघळवून ठेवणारा द्रव, उडून जातो आणि मागे घन पटल उरते, एवढेच सामान्यतः लक्षात घेतले जाते. परंतु विद्रावक किती वेगाने गेला, कोणत्या तापमानाला गेला आणि तो जात असताना भोवतालच्या हवेत किती ओल होती, यांवर त्या पटलाची अंतर्गत रचना ठरते आणि एकदा ठरल्यावर ती सहसा बदलत नाही. अशा थरांच्या अभ्यासाशी नाते असलेली, नागपूरच्या अमरावती मार्गावरील लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था १९४२ मध्ये सुरू झाली. कामठीचे खाण-उद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिलेल्या मोठ्या देणगीतून ती उभी राहिली, आणि तेलांच्या व रंगांच्या तंत्रज्ञानाचा अभ्यास ही तिची ओळख बनली. थर कसा वाळतो यासंबंधीचे जे ज्ञान अशा संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले, तेच गेल्या तीन दशकांत एका अतिसूक्ष्म क्षेत्रात नव्याने उपयोगी पडले आहे. ब्लॉक कोपॉलिमर नावाच्या पदार्थांच्या, नॅनोमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या पटलांना विद्रावकाच्या बाष्पात ठेवून त्यांच्यात सुबक, नियमित रचना निर्माण करण्याचे हे क्षेत्र होय.

पॉलिमर, म्हणजे बहुवारिक, ही एकाच प्रकारच्या लहान रेणूंची लांबच लांब साखळी असते. ब्लॉक कोपॉलिमरमध्ये अशा दोन भिन्न साखळ्या टोकाला टोक जोडून रासायनिक बंधाने कायमच्या बांधलेल्या असतात. पॉलिस्टायरीनची साखळी आणि पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटची साखळी ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित जोडी आहे. १९५६ मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी साखळीचे टोक ‘जिवंत’ ठेवून तिला पुढे दुसरी साखळी जोडण्याची रीत दाखवली, तेव्हापासून अशा जोड्या हव्या त्या लांबीच्या बनवणे शक्य झाले. १९६५ च्या सुमारास शेल कंपनीने याच तत्त्वावरचे रबरासारखे पदार्थ बाजारात आणले आणि पुढे ते पादत्राणांच्या तळव्यांत, चिकटद्रव्यांत व रस्त्याच्या डांबरातही पोहोचले. बहुतेक पॉलिमर एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या पॉलिमरांचे साधे मिश्रण कालांतराने तेल-पाण्याप्रमाणे अलग होते. ब्लॉक कोपॉलिमरमध्ये मात्र तसे होऊ शकत नाही, कारण परस्परांशी न पटणारे दोन बैल एकाच जोखडाला जुंपावेत तशा या साखळ्या असतात: दूर जाण्याची त्यांची ओढ कायम असते, परंतु त्यांना साखळीच्या लांबीपेक्षा अधिक दूर जाताच येत नाही.

या ओढाताणीतून जे निष्पन्न होते ते फार सुंदर आहे. एका प्रकारचे खंड एकत्र येतात, दुसऱ्या प्रकारचे खंड त्यांच्या शेजारी एकत्र येतात, आणि साधारण ५ ते ५० नॅनोमीटर आकाराचे प्रदेश आपोआप नियमित अंतराने मांडले जातात. दोन्ही खंड समसमान असतील तर एकावर एक पातळ पदर तयार होतात, एक खंड पाव-एक भागाइतका असेल तर त्याचे दंडगोल षट्कोनी मांडणीत उभे राहतात, आणि तो आणखी कमी असेल तर गोळे बनतात. मानवी केसाची जाडी सुमारे ७० ते ८० हजार नॅनोमीटर असते हे लक्षात घेतले, म्हणजे कोणत्याही कोरीव हत्याराविना घडणाऱ्या या नक्षीचे मोल कळते. १९८० मध्ये लुडविक लाइब्लर यांनी या रचनेसाठीची अट गणिताने मांडली. दोन खंडांमधील प्रतिकर्षणाचे माप आणि साखळीतील एककांची संख्या यांचा गुणाकार सुमारे १०.५ पेक्षा अधिक असेल, तर समसमान खंडांचा पदार्थ आपोआप पदरांत विभागतो. त्याहून कमी असेल तर सर्व काही एकमेकांत मिसळलेले, रचनाहीन राहते. पुढील सर्व विवेचनात हा १०.५ चा आकडा महत्त्वाचा ठरणार आहे.

सिद्धान्तात जी रचना आपोआप व्हावयाची, ती प्रत्यक्ष पटलात सहजासहजी होत नाही. असे पटल बनवताना पॉलिमरचे विरळ द्रावण सिलिकॉनच्या चकतीवर टाकून ती चकती मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने फिरवली जाते. द्रावण पसरते, विद्रावक काही सेकंदांत उडतो, आणि २० ते १०० नॅनोमीटर जाडीचा थर मागे राहतो. या काही सेकंदांत साखळ्यांना आपापली जागा शोधण्यास अवकाश मिळत नाही. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या खाली काचेसारखे कडक असते, या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात; त्यामुळे विद्रावक निघून जाताच साखळ्या जिथल्या तिथे गोठतात आणि रचना बोटांच्या ठशांसारखी वेडीवाकडी, तुटक आणि दोषांनी भरलेली राहते.

यावरचा जुना उपाय उष्णतेचा आहे. काच किंवा धातू तापवून सावकाश थंड केल्यास त्यातील अंतर्गत ताण निघून जातो, या क्रियेला अनुशीतन म्हणतात. पॉलिमरचे पटलही १५० ते २०० अंशांवर काही तास किंवा काही दिवस ठेवल्यास साखळ्या हलू लागतात व रचना सुधारते. परंतु या उपायाला मर्यादा आहेत. काही पॉलिमर इतकी उष्णता सोसत नाहीत. लांब साखळ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की तापवूनही त्या पुरेशा हलत नाहीत. ज्या जोड्यांमध्ये प्रतिकर्षण तीव्र असते त्यांच्यापासून सर्वांत बारीक नक्षी मिळू शकते, परंतु एका साखळीला परक्या प्रदेशातून मार्ग काढणे त्यांच्यात फारच कठीण असते, आणि म्हणून नेमक्या त्याच जोड्या उष्णतेला दाद देत नाहीत. शिवाय हवेच्या बाजूस एकाच खंडाला राहणे आवडते, कारण त्याचा पृष्ठताण कमी असतो. परिणामी दंडगोल उभे राहण्याऐवजी आडवे पडतात.

विद्रावक-बाष्पाच्या अनुशीतनात उष्णतेचे काम बाष्पाकडून करवले जाते. पटल बंद पात्रात ठेवून त्यात टोल्युइन, टेट्राहायड्रोफ्युरान, ॲसिटोन किंवा क्लोरोफॉर्म यांपैकी एखाद्या विद्रावकाचे बाष्प भरले, की ते पटलात शिरते आणि पटल फुगते. विद्रावकाचे रेणू साखळ्यांच्या मध्ये जाऊन बसल्याने काचसंक्रमण तापमान खोलीच्या तापमानाच्याही खाली येते, आणि जो पदार्थ काचेसारखा गोठलेला होता तो घट्ट द्रवासारखा वागू लागतो. फुगलेल्या पटलाची जाडी कोरड्या पटलाच्या किती पट झाली, या गुणोत्तराला फुगारा म्हणता येईल, आणि संपूर्ण तंत्राची किल्ली या एका आकड्यात आहे.

दोन्ही खंडांना सारखाच मानवणारा विद्रावक घेतला तर तो त्यांच्यातील प्रतिकर्षण पातळ करतो; ढोबळमानाने, पटलात पॉलिमरचा वाटा जितका उरला तितक्याच पटीने प्रतिकर्षण उरते. समजा कोरड्या अवस्थेत वर उल्लेखिलेला गुणाकार ३० आहे. पटल फुगून जाडी दुप्पट झाली की पॉलिमरचा वाटा निम्मा होतो आणि गुणाकार १५ वर येतो. रचना टिकून राहते, पण साखळ्यांना परक्या प्रदेशातून जाणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे होते व दोष वेगाने भरून निघतात. जाडी तिप्पट झाली तर गुणाकार १० वर, म्हणजे उंबरठ्याच्या खाली येतो आणि सर्व रचना विरघळून जाते. म्हणूनच अनुभवी संशोधक उंबरठ्याच्या अगदी जवळ, परंतु त्याच्या अलीकडे राहण्याचा प्रयत्न करतात, कारण दोष सर्वांत लवकर तिथेच बुजतात. विद्रावक एखाद्याच खंडाला अधिक मानवणारा असेल तर चित्र आणखी बदलते: तो खंड अधिक फुगतो, दोन्ही खंडांचे परिणामी प्रमाण बदलते, आणि मुळात दंडगोल बनवणारा पदार्थ पदर किंवा गोळे बनवू लागतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील कॅरोलिन रॉस यांच्या गटाने पॉलिस्टायरीन आणि सिलिकॉनयुक्त पॉलिडायमिथाइल सिलॉक्सेन यांच्या जोडीवर टोल्युइन आणि हेप्टेन यांच्या बाष्पांचे प्रमाण बदलून एकाच पदार्थापासून वेगवेगळ्या रचना मिळवल्या. एरवी नवी रचना हवी असेल तर नवा पॉलिमर संश्लेषित करावा लागतो. इथे बाष्पाचे मिश्रण बदलले की पुरते.

फुगवणे हा अर्धाच भाग झाला. विद्रावक परत काढून घेणे हा उरलेला आणि अधिक नाजूक भाग आहे. विद्रावक पटलाच्या वरच्या पृष्ठभागातून उडतो, त्यामुळे वर कोरडे आणि खाली ओले असा उतार तयार होतो व रचना वरून खाली उतरत जाते. अनेक पदार्थांत दंडगोल याच दिशेने, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात, उभे राहतात, आणि जे उष्णतेने साधत नाही ते साधते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस रसेल यांच्या गटाने २००४ मध्ये पॉलिस्टायरीन व पॉलिएथिलीन ऑक्साइड यांच्या जोडीवर बेंझीनच्या बाष्पाने हे अतिशय स्पष्ट दाखवले. वाळताना पटल केवळ जाडीतच आकसते, आडव्या दिशेला ते आधाराला चिकटलेले असते; म्हणून आडव्या पडलेल्या दंडगोलांचा छेद वाळल्यावर गोल न राहता चपटा होतो. वाळवण्याचा वेग ठरवल्याशिवाय केलेला प्रयोग, फुगारा कितीही काळजीपूर्वक साधला असला तरी, पुन्हा तसाच करून दाखवता येत नाही.

साधनांच्या दृष्टीने सर्वांत सोपी रीत म्हणजे झाकणाची काचेची बरणी, तिच्या तळाशी विद्रावकाची वाटी आणि वर जाळीवर ठेवलेली चकती. असंख्य प्रयोग याच रीतीने झाले, आणि या क्षेत्रातील परस्परविरोधी निष्कर्षांचा मोठा भागही हिच्याच पदरी जातो, कारण झाकण किती घट्ट, वाटी केवढी, बरणी किती वेळा उघडली, यांवर सर्व काही बदलते. सुधारलेल्या रीतीत कोरडा नायट्रोजन विद्रावकातून बुडबुड्यांच्या रूपाने नेला जातो, तो बाष्पाने संपृक्त होतो, आणि मग कोरड्या नायट्रोजनच्या दुसऱ्या प्रवाहात मोजून मिसळला जातो. दोन्ही प्रवाहांचे प्रमाण बदलून पात्रातील बाष्पाची पातळी हवी तशी ठेवता येते. पात्राला असलेल्या काचेच्या खिडकीतून पटलावर प्रकाश टाकून परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटावरून त्याची जाडी दर सेकंदाला मोजली जाते, त्यामुळे फुगारा डोळ्यांसमोर राहतो. या रीतीनेच हे तंत्र शास्त्राच्या पंक्तीला बसले, असे म्हणणे योग्य होईल. अन्य प्रकारांचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे: कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात जिलियन ब्युरिॲक यांच्या गटाने विद्रावकाच्या बाष्पाला मायक्रोवेव्हची जोड देऊन तासांचे काम मिनिटांवर आणले, तर अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठात पटलावर मऊ सिलिकॉन रबराची पट्टी चिकटवून ती बाष्पात फुगताना व वाळताना आकसताना खालच्या पटलाला जो ओढा बसतो, त्याने सर्व दंडगोल एका दिशेला लावून घेण्यात आले.

नागपूरच्या संदर्भात या तंत्राचा विचार करताना हवामानाकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण इथल्या ऋतूंमधील अंतर फार मोठे आहे. टोल्युइनचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या बाष्पाचा द्रवाशी समतोल असतानाचा दाब, २० अंशांना सुमारे २२ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो आणि ४५ अंशांना तो सुमारे ७४ मिलिमीटर होतो. हिवाळ्यातील खोली आणि वातानुकूलन नसलेली मे महिन्यातील खोली यांत म्हणजे तिपटीहून अधिक फरक पडतो, आणि झाकणाच्या फटीतून विद्रावक निसटण्याचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो. कार्बन डायसल्फाइड हा या कामात वापरला जाणारा एक विद्रावक ४६ अंशांना उकळतो; मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ अंशांच्या पुढे असताना, तो उघड्या खोलीत हाताळणे हे उकळत्या ज्वालाग्राही द्रवाशी खेळण्यासारखेच आहे.

याहून सूक्ष्म अडचण पटल आणि विद्रावक यांच्या तापमानांतील फरकाची आहे. पटल किती फुगेल हे बाष्पदाबाच्या निव्वळ आकड्यावर अवलंबून नसते. पटलाच्या तापमानाला जो संपृक्त दाब असेल त्याच्या किती टक्के बाष्प भोवती आहे, यावर ते अवलंबून असते. खोलीच्या तापमानाजवळ टोल्युइनचा बाष्पदाब दर अंशाला सुमारे ५ टक्क्यांनी बदलतो. म्हणजे वाटीतील विद्रावकापेक्षा चकती एका अंशाने थंड राहिली, तर बाष्प संपृक्ततेच्या पलीकडे जाऊन चकतीवर द्रवरूप होऊ लागते, आणि पटल फाटून त्याचे थेंब होतात. चकती एका अंशाने उष्ण राहिली तर पटल अपेक्षेपेक्षा लक्षणीय कमी फुगते. सकाळ आणि दुपार यांच्या तापमानात १५ अंशांचे अंतर पडणाऱ्या शहरात तापमान-नियंत्रित पात्राविना केलेल्या प्रयोगावर विसंबता येणार नाही.

ओलीचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. उन्हाळ्याच्या दुपारी नागपूरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते आणि पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर राहते. त्यात घरोघरी व कचेऱ्यांत चालणारा कूलर कोरड्या हवेत पाणी मिसळूनच ती थंड करतो, त्यामुळे भर उन्हाळ्यातही कूलर असलेल्या खोलीत आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या घरात पोहोचू शकते. लाकडावर लॅकरचे पॉलिश करणाऱ्या कारागिरांना पावसाळ्यात पृष्ठभागावर येणारी पांढुरकी झाक परिचित असते: विद्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील पाणी त्यावर धरते आणि थरात अडकते. नॅनोमीटर जाडीच्या पटलातही हेच घडते. मात्र इथे पाणी प्रत्येक वेळी शत्रूच ठरते असे नाही. पॉलिएथिलीन ऑक्साइड पाण्यात विरघळणारे असल्याने हवेतील ओल त्या खंडाला फुगवते व हलते ठेवते, आणि या पदार्थाच्या पटलात उत्तम रचना मिळण्यासाठी पुरेशी आर्द्रता आवश्यक असते, हे २००७ मध्ये क्रेग हॉकर, रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. एकच बरणी, एकच विद्रावक आणि एकच पॉलिमर घेऊन मे महिन्यात फसलेला प्रयोग ऑगस्टमध्ये यशस्वी होण्याची शक्यता त्यामुळे खरोखरच आहे, आणि कारण न शोधता त्या यशावर समाधान मानणे घातक आहे.

विद्रावकाच्या निवडीत आरोग्याचा विचार सुरुवातीला फारसा झाला नाही. बेंझीन कर्करोगकारक आहे, क्लोरोफॉर्म यकृताला अपायकारक आहे, आणि टोल्युइन तुलनेने सौम्य असले तरी दीर्घकाळ श्वासावाटे जाणे चांगले नाही. इथे नागपूरला एक स्वाभाविक पर्याय तपासता येण्यासारखा आहे. संत्र्याच्या सालीतील तेलाचा बहुतांश भाग लिमोनिन या द्रवाचा असतो, आणि लिमोनिन पॉलिस्टायरीनला चांगले विरघळवते. जपानच्या सोनी कंपनीने १९९० च्या दशकात याच गुणाचा उपयोग करून टाकाऊ थर्माकोल विरघळवून परत मिळवण्याची योजना राबवली होती. ज्या शहराच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जिथे लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथे या विद्रावकाचा विचार व्हावा हे उचितच आहे. परंतु अडचणी झाकून ठेवू नयेत: लिमोनिन १७६ अंशांना उकळते, खोलीच्या तापमानाला त्याचा बाष्पदाब टोल्युइनच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो, त्यामुळे पात्र व पटल दोन्ही थोडी तापवावी लागतील, ते हवेत ऑक्सिडीभवन पावते, म्हणून नायट्रोजनचे आवरण अनिवार्य ठरेल, आणि जोडीतील दुसऱ्या खंडाशी त्याचे कसे जमते ते प्रत्येक पदार्थासाठी स्वतंत्रपणे मोजावे लागेल.

एवढ्या परिश्रमातून मिळते काय? १९९७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी अशा पटलाचा साचा वापरून एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे १०० अब्ज छिद्रे कोरून दाखवली. २००९ मध्ये रसेल आणि बर्कलीच्या टिंग शू यांच्या गटांनी नीलम स्फटिकाच्या करवतीसारख्या दातेरी पृष्ठभागावर पटल पसरून, विद्रावकाच्या बाष्पाने, एका चौरस इंचात १० टेराबिट माहिती मावेल इतकी दाट आणि काही सेंटिमीटरपर्यंत अखंड सुसंगत रचना मिळवली. संगणकाच्या चिपसाठी या नक्षीचा उपयोग करण्याचे प्रयत्न मोठ्या उद्योगांत दीर्घकाळ चालले आहेत, तरी दोषांचे प्रमाण हा त्यांतील मुख्य अडसर राहिला आहे. भारतासारख्या देशासाठी गाळणीचा उपयोग अधिक जवळचा वाटतो. उभ्या दंडगोलांपैकी एक खंड काढून टाकला की सर्व छिद्रे एकाच मापाची असलेली चाळणी उरते. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००६ मध्ये १५ नॅनोमीटर छिद्रांच्या अशा चाळणीने सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचा सर्दीचा विषाणू अडवून दाखवला. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून स्थापन झालेली आणि पाण्याच्या शुद्धतेसाठी देशभर ओळखली जाणारी ‘नीरी’ नागपुरातच आहे, हे लक्षात घेता रंगतंत्रज्ञान जाणणारे आणि पाणी जाणणारे यांच्यातील अंतर या शहरात काही किलोमीटरांचेच आहे.

या तंत्रासाठी कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीची गरज नाही. तापमान-नियंत्रित लहान पात्र, कोरडा नायट्रोजन, प्रवाह मोजणारी दोन उपकरणे, परावर्तनाने जाडी मोजणारा वर्णपटमापक आणि रचना पाहण्यासाठी अणुबल सूक्ष्मदर्शक एवढ्यावर काम सुरू होते. पटलाच्या अंतर्भागाचा क्ष-किरणांनी वेध घ्यावयाचा झाल्यास इंदूर येथील ‘इंडस-२’ हा सिंक्रोट्रॉन शेजारच्या राज्यात आहे. विदर्भातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी एकाच पदार्थाच्या पटलावर हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत प्रयोग करावेत, प्रत्येक वेळी पटलाचे तापमान, विद्रावकाचे तापमान, खोलीची आर्द्रता, फुगारा आणि वाळण्याचा वेग यांची नोंद ठेवावी, आणि फसलेल्या प्रयोगांच्या नोंदीही यशस्वी प्रयोगांबरोबर प्रसिद्ध कराव्यात.